जमीन वरची, कोळसा खालचा



आज आपण फार लांबच्या एका तालुक्यात जाणार आहोत. अमेरिकेत केंटकी नावाचे राज्य आहे. त्याच्या पूर्वेला ॲपलेशियन नावाचे जुने, झिजलेले, दाट झाडीचे डोंगर आहेत. त्या डोंगरांत नॉट काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा, पण लहान. सगळ्या काउंटीत मिळून आज चौदा हजारांच्या आसपास माणसे राहतात. तिचे मुख्य गाव हिंडमन. तिथे हजारभरसुद्धा वस्ती नाही.

एवढ्याशा जागेची गोष्ट आम्ही का सांगतो आहोत? तर १९६५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात तिथली एक ६१ वर्षांची विधवा बाई आपल्या घरामागच्या डोंगरावर चढली आणि बुलडोझरच्या पुढ्यात आडवी झाली. पोलिसांनी तिला हातापायांना धरून उचलून नेले. जमीन तिचीच होती. कागद तिच्या बाजूने नव्हता. तो कागद कुणी केला, कधी केला, त्यावर सह्या कशा झाल्या, हे समजून घ्यायचे तर आधी त्या डोंगरात माणसे कशी राहायला आली तिथून सुरुवात करायला हवी.

हे डोंगर मुळात चेरोकी आणि शॉनी या आदिवासींच्या शिकारीचे रान. गोरे लोक तिथे अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरले. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या शेजारच्या भागांतून खिंडी ओलांडून ते आले. कोम्ब्स, रिची, एव्हरिज, स्लोन, ॲम्बर्गी ही त्यांची घराणी. हीच आडनावे आजही तिथल्या टपालपेट्यांवर दिसतात. दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या घळीत ओढ्याच्या कडेने एकेक घर व्हायचे. पोराचे लग्न झाले की त्याच घळीत आणखी वर दुसरे घर. रस्ता असा नव्हताच, ओढ्याचे पात्र हाच रस्ता. पाणी चढले की माणूस अडकलाच.

ओढ्यांची नावे ऐकण्यासारखी आहेत. हिंडमन ज्या ओढ्याच्या काठी आहे त्याचे नाव ट्रबलसम, म्हणजे त्रासदायक. दुसऱ्या एका ओहोळाचे नाव मेलेली घोडी. पहिल्यांदा आलेल्या माणसांवर काय काय गुदरले असेल ते या नावांतच कळते.

उतारावर मका, घराजवळ घेवडा, रानात मोकळी सोडलेली डुकरे, अशी शेती. घरातले कापड बाया घरीच विणायच्या. घेवड्याच्या कोवळ्या शेंगा सुईदोऱ्यात ओवून माळा करायच्या आणि त्या चुलीजवळ किंवा ओसरीत टांगून वाळवायच्या. हिवाळ्यात त्याच शेंगा डुकराच्या चरबीच्या तुकड्यासोबत तासन् तास शिजवून खायच्या. वाळवणाशिवाय हिवाळा निघत नसे, हे आपल्यालाही कुणी सांगायला नको.

त्रासदायक ओढ्याच्या काठी १८२०च्या सुमारास मार्टिन फ्यूगेट नावाचा एक माणूस येऊन राहिला. त्याच्या वंशात काही मुले निळसर कातडीची जन्मली. खरोखर निळी. बाहेरच्या जगाने यावर फार चवीने लिहिले. पण कारण साधे होते. रक्तातला प्राणवायू नीट सोडला जावा म्हणून शरीरात एक रसायन लागते. ते कमी पडले की रक्ताचा रंग गडद होतो आणि कातडी निळी दिसते. आई आणि वडील दोघांकडूनही तो दोष आला तरच मूल निळे होते. एरवी पिढ्यान् पिढ्या तो लपून राहतो. घळीबाहेर रस्ता नाही, म्हणून लग्ने आसपासच्या चार घरांतच व्हायची, आणि तसा दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढायची. १९६०च्या दशकात मॅडिसन कॉवेन नावाचे डॉक्टर आणि रूथ पेंडरग्रास नावाच्या परिचारिका या दोघांनी अशा माणसांना शोधून काढले. त्यांना एक निळे औषध टोचले तेव्हा काही मिनिटांत कातडी गुलाबी झाली. ही माणसे तशी ठणठणीत होती आणि पुष्कळ वर्षे जगत. त्यांना त्रास होता तो लोक टक लावून बघत याचा. म्हणून ती चारचौघांत यायला लाजत.

नॉट ही स्वतंत्र काउंटी १८८४ साली झाली. शेजारच्या चार काउंट्यांचे तुकडे जोडून ती केली आणि राज्याच्या तेव्हाच्या गव्हर्नरचे नाव तिला दिले. कचेरी आली, तुरुंग आला. नीट चालणारी शाळा मात्र आली नाही.

तिथे म्हाताऱ्या, मानाच्या पुरुषाला सगळे गाव अंकल म्हणते आणि बाईला आंट म्हणते, जसे आपण कुणालाही काका, मावशी म्हणतो. अंकल सॉलोमन एव्हरिज हे असेच गावचे आजोबा. त्यांनी ऐंशी ओलांडली होती. पन्नास-साठ किलोमीटरवर नव्हे, पण चांगले वीस मैल, म्हणजे बत्तीसएक किलोमीटर दूर हॅझर्ड गावी शहरातल्या काही बाया तंबू ठोकून राहिल्यात आणि मुलांना, बायांना शिकवतात असे त्यांच्या कानावर आले. आजोबा डोंगर तुडवत चालत तिथे गेले. अनवाणी गेले असेही सांगतात. त्यांनी बायांचे काम पाहिले आणि आमच्या गावी येऊन शिकवा अशी गळ घातली. आपल्याला शिकायला मिळाले नाही, निदान पोरापतवंडांना मिळावे एवढेच त्यांचे मागणे होते.

त्या बाया म्हणजे कॅथरीन पेटिट आणि मे स्टोन. दोघी केंटकीच्याच, पण सपाटीवरच्या सुखवस्तू घरांतल्या. दारूबंदीसाठी काम करणाऱ्या महिला संघटनेच्या आधाराने त्यांनी १९०२ साली हिंडमनला शाळा काढली. ही शाळा फक्त पाढे-बाराखडीची नव्हती. दुरून आलेली मुले तिथेच राहायची आणि फीऐवजी काम करायची. गाय दोहणे, लाकूड फोडणे, धुणे, स्वयंपाक. आगीत इमारती जळाल्या, त्या पुन्हा उभ्या केल्या. पेटिटबाई १९१३ साली हार्लन काउंटीत दुसरी शाळा काढायला गेल्या. स्टोनबाई मात्र मरेपर्यंत हिंडमनलाच राहिल्या. ती संस्था आजही चालू आहे.

शाळेच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट उघडी पडली. मुलांचे डोळे. घराघरांत खुपऱ्या होत्या. पापणीच्या आतल्या बाजूला दाणे येतात, पापणी आत वळते, केस बुबुळाला घासतात आणि हळूहळू दिसेनासे होते, तोच हा आजार. एक घंगाळ, एक फडके आणि त्याला सगळ्या घराने तोंड पुसायचे, असा तो पसरत होता. लेक्सिंग्टन शहरातल्या लिंडा नेव्हिल या बाईंनी आंधळ्या होणाऱ्या मुलांचा ध्यास घेतला होता. त्यांच्या खटपटीने १९११ साली डॉक्टर जोसेफ स्टकी हिंडमनच्या शाळेत आले आणि त्यांनी डोळे तपासायला सुरुवात केली. माणसे खेचरावर बसून, पायी, आंधळ्या म्हाताऱ्यांचा हात धरून आली. १९१३ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने तिथे खुपऱ्यांचे इस्पितळच काढले. शाळेतल्या परिचारिकेचे रोजचे काम त्याहून साधे होते. प्रत्येकाचे फडके वेगळे ठेवा, हे घरोघर सांगत फिरायचे.

आता शहरातून आलेल्या या बायांबद्दल आमचे मत थोडे मिश्र आहे, तेही सांगून टाकतो. त्यांनी केले ते मोठेच. पण डोंगरातल्या बायांना काहीच येत नाही, आपण शिकवायला आलोत, असाही सूर त्यांच्या बरोबरच्या काहीजणींच्या लिहिण्यात असायचा. विणलेल्या चादरी, विलोच्या फांद्यांच्या टोपल्या, आजीकडून आलेली लांबलचक गाणी हे सगळे तिथे आधीपासून होते. शहाणपण हे की पेटिटबाईंनी ते ओळखले. चादरी जमवल्या, गाणी उतरवून घेतली. शाळेतर्फे बायांच्या हातच्या वस्तू दूरच्या शहरांत विकण्याची सोयही झाली. आंट कॉर्ड रिची या तिथल्या टोपल्या विणणाऱ्या बाईंचे नाव त्यामुळे लांबपर्यंत पोचले. टोपलीचे पैसे बाईच्या हातात येऊ लागले. गटातल्या बायकांना याचा अर्थ आम्ही वेगळा सांगत नाही.

१९१६ साली आणखी एक बाई आल्या. ॲलिस लॉइड, बॉस्टनच्या पत्रकार. आजारपणाने शरीराची एक बाजू निकामी झालेली, टंकलेखन डाव्या हाताने. केनी ओढ्यावरच्या अबायशा जॉन्सन नावाच्या शेतकऱ्याने त्यांना शाळेसाठी जागा दिली. जून ब्युकॅनन यांना सोबत घेऊन १९२३ साली त्यांनी तिथे महाविद्यालय काढले. बॉस्टन आणि न्यूयॉर्ककडच्या लोकांना पत्रांमागून पत्रे लिहून पैसे गोळा केले. शिकणाऱ्यांकडून फी घेतली नाही, पण एक मागितले, की शिकून झाल्यावर डोंगरात परत या. त्यांची शिस्त फार कडक. मुलगे आणि मुली यांनी एकमेकांशी बोलायचेसुद्धा नाही! त्यांच्या शिकवणीतून डॉक्टर, शिक्षक, वकील निघाले आणि पुष्कळसे खरोखर परत आले. केनीच्याच ॲलिस स्लोन या मुलीला त्यांनी शिकायला बाहेर पाठवले. तिने परत येऊन १९३३ साली लॉट्स क्रीक या घळीत स्वतःची शाळा उभी केली.

१९३०च्या दशकात मंदी आली तेव्हा सरकारने रोजगाराच्या कामांत एक अजब काम काढले. बायांनी घोड्या-खेचरांवर पुस्तके लादून घळीघळींतून वाटायची. महिन्याला २८ डॉलर पगार. हिंडमनलाही अशा घोडेस्वार ग्रंथपाल होत्या. पुस्तके कमी पडायची, मग या बायांनी वह्या तयार केल्या. एका वहीत पाककृती, दुसरीत गोधडीचे नमुने. एका घळीतल्या बाईची कृती चिकटवायची आणि वही पुढच्या घळीत द्यायची. वाचता न येणाऱ्या घरात मुले आईला वाचून दाखवायची. त्याच सुमारास हिंडमनच्या शाळेत ग्रंथपाल असलेले जेम्स स्टिल खोक्यात पुस्तके भरून, ते खांद्यावर घेऊन एकशिक्षकी शाळांना पायी पोचवत. पुढे ते मोठे लेखक झाले आणि मेलेल्या घोडीच्या ओहोळावरच्या लाकडी घरात राहिले.

मुलखातली बाकीची नावाजलेली माणसे भराभर सांगतो. अंकल एड थॉमस, मांडीवर ठेवून वाजवायचे डल्सिमर हे तंतुवाद्य करणारे. गाडीत वाद्ये घालून विकत फिरायचे. कार क्रीक शाळेची १९२८ची बास्केटबॉलची पोरे, ज्यांच्या शाळेला खेळायला छत नव्हते आणि तरी ती राज्याच्या अंतिम सामन्यात जादा वेळेच्या चार डावांपर्यंत लढून दोन गुणांनी हरली. कार्ल पर्किन्स, हिंडमनला जन्मलेले, आधी शिक्षक आणि मग पस्तीसएक वर्षे खासदार. गरीब मुलांच्या शाळांना पैसा आणि शाळेतले जेवण यांसाठी दिल्लीसारख्या तिकडच्या राजधानीत, वॉशिंग्टनला, भांडणारा हा माणूस.

आता कागदाकडे येऊ.

या डोंगरांच्या पोटात कोळसा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाहेरच्या भांडवलवाल्यांना ते कळले. डोंगरातल्या शेतकऱ्याला कळले नव्हते, किंवा कळले तरी त्याचा उपयोग नव्हता, कारण रेल्वेच नव्हती. मग जमिनी घेणारे दलाल घोड्यावरून दारोदार फिरू लागले. त्यांत जॉन मेयो हे नाव सर्वांत प्रसिद्ध. शेजारच्या भागातला हा माणूस आधी शाळामास्तर होता. सांगतात की तो बायकोला सोबत घेऊन फिरायचा आणि तिच्या परकराला आतून खिसे शिवलेले असायचे, त्यात सोन्याची नाणी. ओसरीवर बसायचे, जेवायचे, पोराबाळांची चौकशी करायची आणि मग नाणी टेबलावर मांडायची. ज्या घरात वर्षभर रोख पैसा दिसत नाही त्या घरात सोन्याचा आवाज काय करतो ते आपण समजू शकतो.

दलाल म्हणायचे, तुमची जमीन तुमचीच राहील. घर राहील, मका राहील, गुरे चरतील. आम्हाला फक्त खालचे द्या. एका एकराला अर्धा डॉलर, कुठे एक, कुठे थोडे जास्त. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी सहीच्या जागी फुली मारली. आपल्याकडे अंगठा उठवतात तसे.

खरेदीखत छापील होते. त्यात लांबलचक यादी होती. कोळसा, तेल, वायू, सगळी खनिजे विकली. ते काढण्यासाठी जे जे गरजेचे किंवा सोयीचे वाटेल ते करण्याचा हक्क दिला. झाडे तोडायची, पाणी वापरायचे, रस्ते करायचे, माती टाकायची. आणि यात वरच्या जमिनीचे नुकसान झाले तर खनिजाचा मालक भरपाई देणे लागत नाही. हे सगळे त्याच्या मुलांना, नातवंडांना, पुढे जो विकत घेईल त्याला, कायमचे लागू.

सही करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय होते? त्या काळी कोळसा काढायचा म्हणजे डोंगराला बोगदा पाडायचा, माणसे कुदळ-फावडे घेऊन आत जायची. वरचे शेत तसेच राहायचे. म्हणून विकणाऱ्याला वाटले, पोटातले गेले तर गेले. पन्नास वर्षांनी बुलडोझर नावाचे यंत्र येईल आणि कोळसा काढायला वरचा डोंगरच सोलून काढतील, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. घेणाऱ्यालाही बहुधा ते यंत्र माहीत नव्हते. पण "सोयीचे वाटेल ते" हे शब्द त्याच्याकडे होते.

आणि ते यंत्र आले. दुसऱ्या महायुद्धानंतर वीजकेंद्रांना स्वस्त कोळसा हवा होता. डोंगराच्या कडेने पायरी कापायची, वरची झाडे, माती, दगड उतारावरून खाली लोटून द्यायचे आणि उघडा पडलेला कोळसा ट्रकात भरायचा. बोगद्याला शंभर माणसे लागत, इथे दहा पुरत. लोटलेली माती पावसात सरकायची. खाली कुणाचे तरी परसदार असायचे, विहीर असायची, स्मशान असायचे. डोंगरात घराघराचे स्मशान घराच्या वरच्या टेकाडावर असते, हे लक्षात घ्या. ससाफ्रास नावाच्या वस्तीतल्या एका बाईने आपल्या तान्ह्या मुलाला असेच टेकाडावर पुरले होते. तिच्या डोळ्यांदेखत यंत्राने ती शवपेटी मातीसोबत उतारावरून खाली लोटली.

लोक कोर्टात गेले. १९५६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खतात हक्क दिलेला आहे. मालकाची परवानगी लागत नाही.

१९६५ साली नॉट काउंटीत लोकांनी एक संघटना बांधली. त्याच उन्हाळ्यात क्लिअर क्रीकवर डॅन गिब्सन नावाचे ऐंशी पार केलेले धर्मोपदेशक बंदूक घेऊन सावत्र मुलाच्या जमिनीवर उभे राहिले. मुलगा सैन्यात होता. यंत्रे थांबली. बंदुकीचा मार्ग आम्हाला मान्य नाही, पण म्हाताऱ्याची ती वेळ का आली हे कळते.

मग नोव्हेंबरात ऑली कोम्ब्स. सगळे त्यांना विडो कोम्ब्स म्हणत, म्हणजे कोम्ब्सांची विधवा. घर लहानसे, डोंगराच्या पायथ्याशी. वर यंत्रे काम करू लागली. माती सुटली तर ती सरळ त्यांच्या घरावर येणार होती. त्या आणि त्यांची मुले आडवी गेली तर कोर्टाने त्यांनाच मनाई केली. कामात अडथळा आणायचा नाही. तरी त्या चढल्या आणि यंत्रापुढे बसल्या. दोन पोलिसांनी, एकाने बगलेत आणि एकाने पायांना धरून, त्यांना चिखलातून खाली आणले. एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार, बिल स्ट्रोड, तिथे होता. त्याने फोटो काढले, त्यालाही पकडले. कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून बाईंना वीस तासांची कैद झाली. तो त्यांच्याकडचा मोठा सणाचा दिवस होता, थँक्सगिव्हिंग, ज्या दिवशी सगळे कुटुंब एका टेबलाशी जेवते. विडो कोम्ब्स हिंडमनच्या तुरुंगात ताट घेऊन जेवत आहेत, हाही फोटो निघाला.

फोटो देशभर गेले. राज्याचे गव्हर्नर ब्रेथिट यांना उत्तर देणे भाग पडले. बाई राजधानीत जाऊन आमदारांपुढे बोलल्या. १९६६ साली खाणींवर आधीपेक्षा कडक कायदा झाला. उतार किती असावा, माती कुठे टाकावी याचे नियम आले. मात्र मूळ खत तसेच राहिले. १९६८ साली न्यायालयाने पुन्हा सांगितले, परवानगी लागत नाही आणि भरपाईही नाही.

यात एक गोष्ट लपवायला नको. गावात एकमत नव्हते. पुष्कळ घरांची चूल कोळशावरच पेटत होती. एका भावाच्या घरावर माती येत होती तर दुसरा भाऊ ट्रक चालवत होता. म्हणून विरोध करणाऱ्या बाईला शेजारणीही टाळायच्या. जानेवारी १९७२ मध्ये सुमारे वीस बाया थंडीपावसात एका खाणीवर जाऊन बसल्या आणि जवळजवळ पंधरा तास काम बंद ठेवले. पुरुषांना त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवले होते, बायांवर हात पडणार नाही या हिशेबाने. रात्री बाहेर थांबलेल्या पुरुषांना मार बसला.

१९७७ साली सगळ्या देशासाठी खाणींचा कायदा झाला. राज्याच्या विधिमंडळानेही दोनदा कायदा केला, की खतात स्पष्ट लिहिले नसेल तर वरचा डोंगर सोलता येणार नाही. दोन्ही वेळा न्यायालयाने तो रद्द केला. मग राज्यभर फिरणाऱ्या एका लोकसंघटनेने वेगळा रस्ता धरला. राज्यघटनाच बदलायची. १९८८ साली त्यावर मतदान झाले आणि शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांनी होकार दिला. घटनेत आता असे आहे की जुन्या खतात दुसरे काही स्पष्ट नसेल, तर खत झाले त्या काळी त्या भागात कोळसा ज्या पद्धतीने काढत त्याच पद्धतीने तो काढता येईल. म्हणजे बोगदा चालेल, बुलडोझर नाही. १९९३ साली न्यायालयानेही ते मान्य केले. ऑली कोम्ब्स चिखलात बसल्या त्याला तेव्हा २८ वर्षे होत होती.

आणखी एका बाईंची गोष्ट राहिली. व्हर्ना मे स्लोन, जन्म १९१४, केनी ओढ्यावरच्या. आयुष्यभर गोधड्या शिवल्या, बाहुल्या केल्या, मुले वाढवली. टीव्हीवर आणि पुस्तकांत डोंगरातली माणसे आळशी, अडाणी, दारू गाळणारी दाखवतात याची त्यांना चीड होती. नातवंडांना हे खरे वाटू नये म्हणून साठीत त्यांनी वहीत लिहायला घेतले. आपले वडील, त्यांचे कष्ट, घरातले बोलणे, मका दळणे, गोधडीचे तुकडे. ते नातवंडांपुरते होते, पण १९७९ साली पुस्तक म्हणून छापून निघाले. आपल्या काउंटीविषयी वाचायचे तर कुणाचे वाचावे असे तिथे विचारले तर लोक पहिल्यांदा त्यांचेच नाव घेतात, असे आम्हाला वाटते. त्या २००९ साली वारल्या.

जुलै २०२२ मध्ये त्रासदायक ओढ्याला रात्रीतून पूर आला. पूर्व केंटकीत चाळीसहून जास्त माणसे गेली, त्यांत सर्वांत जास्त नॉट काउंटीतली. हिंडमनच्या शाळेत पाणी शिरले. शंभरएक वर्षांची पत्रे, फोटो, एड थॉमसांच्या परंपरेतली डल्सिमर चिखलात बुडाली. त्या शाळेच्या उंचावरच्या खोल्यांत बेघर झालेली कुटुंबे राहायला आली. खालच्या मजल्यावर गावातली आणि बाहेरची माणसे ओली पाने एकेक करून सोडवत होती, पुसत होती आणि वाळत घालत होती.